‘दीड हजार लोकांना विचारून जिल्हा कळतो का?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश पुढे पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : नमुना पाहणी हे थोतांड आहे. हजार-दीड हजार लोकांना विचारून लाखो लोकांचे मत कळूच शकत नाही. मला किंवा माझ्या ओळखीतल्या कुणालाही आजवर कुणी काही विचारलेले नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, माणसांची नाही. गावातली चार शेते कापून अख्ख्या गावाचा पीकविमा ठरवणे ही तर उघड फसवणूक आहे. याउलट आमच्या गटावरच्या मतचाचणीत हजारो लोकांनी आपणहून मत दिले आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांना कौल दिला, त्यामुळे सीमाभागातील पालकांचे खरे मत तेच होय.

संदेश लिहिणाऱ्याच्या मनातला राग खोटा नाही. आपल्या भागात आकडे नेहमीच कुणाच्या तरी बाजूने वापरले गेले आहेत, आणि आकड्यांवर संशय घेणे ही वाचकाची चांगली सवय आहे. परंतु या संदेशात संशय नको तिथे घेतला आहे आणि विश्वास नको तिथे ठेवला आहे. त्यावर विसंबून उद्या कुणी मराठी शाळांविषयी निर्णय घेऊ लागले, तर नुकसान आपल्याच मुलांचे होईल. म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान संख्येचे आहे. ज्या सगळ्यांविषयी आपल्याला काही जाणून घ्यायचे असते, त्या संपूर्ण समूहाला संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात आणि त्यातून प्रत्यक्ष तपासायला घेतलेल्या भागाला नमुना. समष्टीचा खरा आकडा, म्हणजे प्राचल, आपल्याला ठाऊक नसतो. नमुन्यावरून आपण त्याचा अंदाज करतो. हा अंदाज किती चुकू शकेल हे प्रामुख्याने नमुन्यात किती लोक आहेत यावर ठरते, समष्टी किती मोठी आहे यावर जवळजवळ नाही. नमुना यादृच्छिक, म्हणजे कुणाच्या मर्जीने नव्हे तर चिठ्ठ्या काढाव्यात तसा निवडलेला असेल, तर हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नासाठी एक ढोबळ हिशेब पुरतो : नमुन्यातील संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याने 1 ला भागावे. 400 लोकांचे वर्गमूळ 20, म्हणून चूक साधारण 5 टक्के इकडे किंवा तिकडे. 1,600 लोकांचे 40, म्हणून अडीच टक्के. 6,400 लोकांचे 80, म्हणून सव्वा टक्का. अशा शंभर पाहण्या केल्या, तर त्यांतल्या सुमारे 95 पाहण्यांचे उत्तर या मर्यादेत पडेल, असा या आकड्यांचा अर्थ आहे. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात, हेही यातून दिसते. म्हणूनच एका टप्प्यानंतर संख्या वाढवण्यावर पैसा घालवण्यात अर्थ उरत नाही. 2011च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47,79,661 होती आणि कर्नाटकाची 6 कोटी 11 लाखांच्या आसपास. दोन्ही ठिकाणी नीट निवडलेल्या 1,600 लोकांची पाहणी जवळजवळ सारखीच अचूक ठरते.

एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतही ती अनेकदा पाळली जात नाही. जिल्ह्याच्या 1,600 जणांत खानापूर तालुक्यातले शंभरच असतील, तर जिल्ह्याचा आकडा अडीच टक्क्यांपर्यंत भरवशाचा असला तरी खानापूरचा आकडा 10 टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. जिल्ह्याच्या पाहणीतून तालुक्याचे निष्कर्ष काढणारी बातमी दिसली, तर त्या तालुक्यातले किती लोक विचारले होते, हा प्रश्न जरूर करावा.

‘मला कुणी विचारले नाही’ या तक्रारीला याच हिशेबात उत्तर आहे. लहानथोर सगळे धरले, तर जिल्ह्यातून 1,600 जण निवडताना सुमारे तीन हजारांत एकाची पाळी येते. आपल्या ओळखीची चारपाचशे माणसे असली, तरी त्यांतल्या एकालाही कुणी विचारलेले नसणे हेच स्वाभाविक आहे.

आता भाताकडे वळू. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. माणसे अशी एकसारखी नसतात, हे संदेशाचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. चूक आहे ती यावर काही उपाय नाही असे गृहीत धरण्यात. नमुना निवडीच्या पद्धती नेमक्या याच अडचणीतून निर्माण झाल्या. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाचे भातशेत आहे, निपाणीकडे तंबाखू आहे, अथणी-रायबागकडे ऊस आहे आणि बेळगाव शहरात उद्यमबागेतला कामगार, वडगाव-शहापूरचा विणकर आणि सरकारी नोकरदार एकमेकांच्या शेजारी राहतात. हे सगळे एका यादीत टाकून चिठ्ठ्या काढल्या, तर त्याला साधा यादृच्छिक नमुना म्हणतात. त्यात एखादा लहान गट योगायोगाने कमी येऊ शकतो. त्याऐवजी आधी असे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून स्वतंत्रपणे निवड केली, तर तो स्तरित नमुना होतो, आणि प्रत्येक स्तर आतून जितका एकसारखा, तितका अंदाज अधिक नेमका येतो. यादीतील दर विसावे घर घेणे ही पद्धतशीर निवड. सुरुवातीचे घर चिठ्ठीने ठरवले आणि यादीच्या क्रमात काही ठरावीक आवर्तन नसले, तर ती सोपी आणि चांगली असते. घरे दूरदूर पसरलेली असताना आधी गावे किंवा वस्त्या निवडायच्या आणि मग त्यांतली काही घरे, हा समूह नमुना. त्यात प्रवासाचा खर्च वाचतो, पण एका वस्तीतली माणसे एकमेकांसारखी असल्यामुळे तितक्याच संख्येत माहिती थोडी कमी मिळते.

प्रत्यक्षातल्या मोठ्या पाहण्या या पद्धती एकत्र वापरतात. 2019-21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातील सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबांची माहिती घेतली गेली. जिल्ह्यातून आधी गावे आणि शहरी वस्त्या निवडल्या, निवडलेल्या प्रत्येक ठिकाणच्या सगळ्या घरांची यादी केली आणि त्या यादीतून 22 घरे पद्धतशीरपणे काढली. निवडलेले घर बंद असले, तर शेजारचे घर चालत नाही. पुन्हा त्याच घरी जावे लागते. हा नियम बाहेरून हट्टाचा वाटतो, पण त्यामागचे कारण आपल्या भागात सहज पटावे. रोपलावणीच्या दिवसांत खानापूर तालुक्यात दुपारी घरी कोण सापडेल? ज्याला शेतावर जावे लागत नाही तो. एरवीही कामासाठी गोव्यात राहणारा, पाळीवर गेलेला, हंगामात ऊसतोडीला गेलेला माणूस सापडणार नाही. बंद घराऐवजी उघडे घर घेत गेले, की नमुना हळूहळू घरी बसणाऱ्यांचाच होतो, आणि हे कागदावर कुठेही दिसत नाही.

यातूनच यादृच्छिक या शब्दाचा नेमका अर्थ स्पष्ट व्हावा. खडेबाजारात उभे राहून समोर येईल त्याला विचारणे म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे; तो सोयीचा नमुना झाला. यादृच्छिक निवडीत समष्टीतल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी असते, ती संधी किती हे आधीच ठाऊक असते आणि कुणाला घ्यायचे हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर नसते.

पीकविम्याचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात शेतकऱ्याचा पैसा आहे. पीक कापणी प्रयोगात त्या पिकाचे सर्व्हे नंबर यादृच्छिक आकड्यांनी निवडले जातात. निवडलेल्या शेतात नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती, हेही यादृच्छिक आकडेच ठरवतात. तिथे खुंटी रोवून भातासाठी साधारणपणे पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौरस आखतात, त्यातले पीक कापून मळतात आणि धान्य तोलतात. ही पद्धत भारतात शास्त्रीय पायावर उभी करण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली : कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्न हमखास जास्त दिसते. तुकडा लहान असला, की क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी असते, आणि कडेवरचे रोप आत की बाहेर असा प्रश्न आला, की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. या मुद्द्यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिसांनीच 1931 मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती, आणि बंगालमधील तागाच्या पाहणीत ते लहान तुकडे वापरत असत. दोघेही प्रामाणिक होते, दोघेही यादृच्छिक निवडीचे पुरस्कर्ते होते. वाद होता तो एका विशिष्ट चुकीविषयी, जी प्रयोगांची संख्या कितीही वाढवली तरी कमी होत नाही. नमुना लहान असल्यामुळे येणारी चूक कधी वर, कधी खाली अशी असते आणि नमुना वाढवला की घटते. तिला नमुना त्रुटी म्हणतात. एकाच बाजूला कलणारी चूक ही अभिनती, आणि तिच्यावर संख्या हा उपाय नाही.

म्हणून ‘चार शेते कापून विमा ठरवणे फसवणूक आहे’ हे विधान थोडे वेगळ्या रीतीने मांडावे लागेल. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ग्रामपंचायत पातळीवर मुख्य पिकासाठी किमान चार प्रयोग अपेक्षित आहेत. चार ही संख्या लहान आहे, तिची नमुना त्रुटी मोठी असू शकते, आणि प्रयोग वाढवा ही मागणी शास्त्राला धरून आहे. त्याहून मोठा धोका निवड मोडण्याचा आहे. ठरलेला सर्व्हे नंबर रानाच्या कडेला असून गवे आणि रानडुकरांनी तो तुडवला आहे, म्हणून रस्त्यालगतचे चांगले शेत कापले, तर गावाचे उत्पन्न कागदावर वाढते आणि भरपाई हातची जाते. त्यामुळे गावकऱ्यांनी कापणीच्या दिवशी हजर राहावे, निवडलेला नंबर तोच आहे का आणि पावले आकड्यांप्रमाणेच मोजली का, हे पाहावे. तसेच हा विमा मुळात सरासरीवर चालतो. गारपीट, भूस्खलन अशा काही स्थानिक आपत्ती सोडल्या, तर माझ्या एकट्याच्या शेतात नुकसान झाले आणि गावाची सरासरी घसरली नाही, की पैसे सहसा मिळत नाहीत. हा अन्याय वाटू शकतो, पण तो योजनेच्या रचनेचा प्रश्न आहे. त्यासाठी नमुना पद्धतीला दोष देऊन काही पदरात पडणार नाही.

राहता राहिली गटावरची मतचाचणी, जिला संदेशाने सर्वोच्च स्थान दिले आहे. हजारो माणसांनी मत दिले, हा तिचा एकमेव आधार आहे. 1936 च्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि त्यांतल्या 23 लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यावरून रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकणार असे त्याने जाहीर केले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकले, आणि त्या मानाने फार लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी रूझवेल्टच जिंकणार हे आधीच सांगितले होते. साप्ताहिकाच्या याद्या दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या होत्या. महामंदीच्या काळात ती खात्यापित्या लोकांची यादी होती. शिवाय ज्यांना पत्र मिळाले त्यांतल्या बहुतेकांनी उत्तरच दिले नाही, आणि उत्तर देणारे न देणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. पुढे 1948 च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वतः गॅलपही चुकले. त्या वेळी वय, लिंग, उत्पन्न यांचा कोटा भरायचा आणि त्या कोट्यातली माणसे मात्र विचारणाऱ्याने निवडायची, अशी पद्धत होती. ट्रूमन हरतील असे भाकीत झाले आणि ते जिंकले.

आपल्या गटावरच्या चाचणीत एकांगी यादी आणि मोजक्यांचेच उत्तर हे ‘लिटररी डायजेस्ट’चे दोन्ही दोष आहेत आणि आणखीही आहेत. गटात कोण आहे? स्मार्टफोन असलेला, मराठी वाचणारा, बहुधा शहरात किंवा पुण्या-मुंबईत स्थिरावलेला. ज्यांची मुले आज खानापूर तालुक्यातल्या दोन शिक्षकी मराठी शाळेत शिकत आहेत, त्या पालकांपैकी किती जण त्यात आहेत? बटण कुणी दाबले? ज्याला या विषयावर ठाम मत आहे त्याने. दुवा पुढे पाठवत गेल्यावर एकाच व्यक्तीने दोन क्रमांकांवरून मत दिले का, मूलबाळ नसलेल्याने दिले का, हे तपासण्याची सोय कुठे आहे? असे दहा हजार कौल गोळा झाले काय आणि एक लाख झाले काय, त्यांतून सीमाभागातील पालकांचे मत कळत नाही. त्या गटातील बटण दाबणाऱ्यांचे मत कळते.

‘मग सगळ्यांनाच विचारा, मोजणी हीच खरी’ असेही संदेशात शेवटी सुचवले आहे. जनगणना हवीच, पण तीही निर्दोष नसते. 2011 च्या जनगणनेनंतर झालेल्या गणनोत्तर पाहणीत दर हजारी सुमारे 23 माणसे मोजायची राहून गेल्याचे आढळले, आणि ही गळती शोधून काढणारी ती पाहणी नमुना पाहणीच होती.

पालकांना खरोखर काय हवे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर काम अवघड असले तरी आवाक्याबाहेरचे नाही. बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे पालक ही समष्टी आधी ठरवावी. यादीसाठी अंगणवाड्यांच्या कुटुंबनोंदी हा चांगला आधार आहे. शहर, शहराभोवतीची गावे, खानापूरची जंगलपट्टी आणि निपाणी भाग असे स्तर करावेत, प्रत्येक स्तरातून चिठ्ठीने काही अंगणवाडी क्षेत्रे काढावीत आणि प्रत्येक क्षेत्रातून वीस घरे. प्रश्न घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत विचारावा, कारण कन्नडमधून विचारणाऱ्या अनोळखी माणसाला मराठी घरातील आई जे सांगेल, तेच ती मराठीतून विचारणाऱ्याला सांगेल असे नाही. आणि मराठीतून विचारणाऱ्यालाही ती त्याला बरे वाटेल असेच उत्तर देण्याचा संभव आहे, म्हणून प्रश्नाचे शब्द आधी दहा-वीस घरांत तपासून घ्यावेत. बंद घराकडे संध्याकाळी आणि रविवारी पुन्हा जावे. निकाल जाहीर करताना किती घरे निवडली होती, किती सापडली नाहीत आणि किती जणांनी उत्तर नाकारले, हे तीन आकडे टक्केवारीच्या शेजारीच छापावेत.