उसाची ट्रॉली दिसली की गाडी आपोआप थांबते?

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘प्लग-इन हायब्रिड घ्या. कोगनोळी टोल सोडला की अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ लावा आणि बेळगाव येईपर्यंत पायांना विश्रांती द्या. पुढं उसाची ट्रॉली येऊ दे नाहीतर म्हैस, गाडी स्वतः थांबते. धुक्या-पावसात तिला माणसापेक्षा जास्त दिसतं. पेट्रोल लागतच नाही, ब्रेक झिजत नाहीत.’ प्लग लावून चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी ही गाडी चांगली आहे, क्रूझही कामाचं आहे. पण ट्रॉलीचं ते वाक्य एखाद्याचा जीव घेईल, म्हणून हे लिहितोय.

‘पुढं काहीही आलं तरी थांबते.’

नाही. क्रूझचं काम आपण ठरवलेला वेग धरून पुढच्या चालत्या गाडीशी अंतर राखण्याचं. गाडीच्या तोंडाशी बसवलेला रडार ७६-७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून पुढच्या वस्तूचं अंतर व सापेक्ष वेग काढतो. घोळ होतो तो उभ्या वस्तूंपाशी. आपण ताशी ९० किलोमीटरनं जात असू, तर उभी ट्रॉली, दुभाजकाचा कठडा, मोरीची भिंत, गावाची पाटी हे सगळंच रडारला ताशी ९० नं अंगावर येताना दिसतं. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर मागचा ट्रक आपल्या डिकीत शिरेल. त्यामुळं बऱ्याच गाड्यांत, वेग जास्त असताना, आधी हलताना न दिसलेल्या उभ्या वस्तूला क्रूझ मोजतच नाही. कंपनीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

यातली सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पुढची गाडी अचानक लेन बदलते ती. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीजवळ नेमकं हेच झालं. ऑटोपायलट (क्रूझसारखीच, चालकाला मदत करणारी यंत्रणा) चालू असलेल्या टेस्लाच्या पुढची गाडी बाजूला झाली, रस्ता मोकळा समजून टेस्लानं वेग वाढवला आणि ती उभ्या अग्निशमन गाडीवर आदळली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं त्याची चौकशी केली. सुदैवानं कुणी जखमी झालं नाही.

आता तीच वेळ संकेश्वरच्या पुढं रात्री नऊला आणून बघा. पुढची इनोव्हा शेवटच्या क्षणी उजवीकडं झाली. तिच्या आड डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी आहे, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. लो बीमचा उजेड साधारण साठ मीटर पोचतो. ताशी ९० ला एका सेकंदात गाडी २५ मीटर जाते, म्हणजे हातात जेमतेम अडीच सेकंद. त्यातला पहिला सेकंद ‘गाडी बघून घेईल’ या भरवशावर गेला तर उरलेल्या वेळात काही होत नाही. आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा वेगळी असते, ती कधी वाचवतेही. पण रात्री, त्या वेगाला, बाहेर लोंबणाऱ्या उसाचा आकार तिला ओळखू येईलच अशी हमी कुणी देत नाही.

‘धुक्या-पावसात माणसापेक्षा जास्त दिसतं.’

रडारची लहर धुक्यातून जाते, इतपत खरं. कॅमेऱ्याला मात्र आपल्या डोळ्यांइतकाच त्रास होतो, आणि प्रत्येक गाडीत रडार असतोच असं नाही. होंडा सिटी हायब्रिडची यंत्रणा कॅमेऱ्यावर चालते. शिवाय खानापूर-जांबोटीकडचा पाऊस आणि तिथली लाल माती ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको: सेन्सरवर चिखल बसला की क्रूझ सूचना देऊन बंद पडतं. म्हणजे जिथं मदत जास्त हवी, नेमकं तिथंच.

‘पेट्रोल लागतच नाही.’

आधी एक गोष्ट. आपल्याकडं हायब्रिड म्हणून जास्त दिसणाऱ्या हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा प्लग लावून चार्ज होत नाहीत. खरी प्लग-इन आपल्या देशात अजून महाग आणि तुरळक आहे. ती असली तरी बहुतेकींचा विजेवरचा पल्ला कागदावर ४० ते ८० किलोमीटर असतो, आणि कोल्हापूर-बेळगाव सुमारे ११० किलोमीटर आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून हायवेवर हा पल्ला आणखी आखडतो. क्रूझला त्याची फिकीर नसते. पुढची गाडी बाजूला झाली की ते ठरवलेला वेग गाठायला धावतं, आणि तवंदी घाटाच्या चढाला तर बहुतेक वेळा इंजिन जागं होतंच. बचत हवी असेल तर वेग १०० ऐवजी ८० ठेवा.

‘ब्रेक झिजत नाहीत.’

कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. पण गोव्यात विजेवर फिरायचं म्हणून चार्ज राखून ठेवला आणि भरल्या बॅटरीनं चोर्ला घाट उतरायला लागलात, तर ती वीज ठेवायला जागाच नसते. मग सगळा भार इंजिनावर आणि साध्या ब्रेकवर. घाटात तर क्रूझ बंदच हवं: वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून सुटली की गाडी उताराला वेग घेते.

मेसेज वाचून ‘आपल्या रस्त्याला हे चालतच नाही’ म्हणणारेही आहेत. त्यांचंही मला पटत नाही. हत्तरगी ते काकती, दिवसा, कोरड्या रस्त्यावर, अंतर सगळ्यात लांबचं ठेवून लावलं तर पुढच्याच्या बुडाला चिकटून चालवायची आपल्या भागातली सवय क्रूझ मोडतं. मध्ये कुणी घुसला की गाडी शांतपणे मागं सरते, आपली चिडचिड होत नाही. टिळकवाडीच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागते तेव्हा विजेवर थांबत-सरकत चालणारं क्रूझ असलेली गाडी फार सुखाची. फक्त पाय ब्रेकजवळ आणि नजर रस्त्यावर हवी. अंधार पडला आणि ऊसवाहतूक सुरू असली, की रद्दचं बटण दाबा.