फायरप्लेसला फडक्याची भीती

जानेवारीत पहाटे येऊरकडून गार वारा सुटला की घोडबंदर रोडवरच्या चौदाव्या मजल्यावरचा पंखा पाचावरून तीनवर येतो. ठाण्याची थंडी ती एवढीच. तरी हॉलमध्ये फायरप्लेसची चौकट हवीच असते. धुरांडं नाही, जाळायला काटकी नाही, पण दोन बाजूंना पाय, वर आडवा पट्टा, त्यावर फळी आणि सगळं पांढरंशुभ्र रंगवलेलं पाहिजे. वाड्यात भिंतीला कोनाडा असायचा, त्यात पणती मावायची आणि त्याचं कोटेशन कुणी मागत नसे. असो, गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व.

मोकळी जागा ३६ बाय ३० इंच, भोवती ६ इंचांची दगडी पट्टी, मग ६-६ इंचांचे पाय, वर ९ इंचांचा पट्टा. म्हणजे चौकट ६० इंच रुंद, फळी दोन्ही टोकांना ३-३ इंच बाहेर धरून ६६ इंचांची, तिची वरची बाजू जमिनीपासून साधारण ४६ इंचांवर. दगडी पट्टी शोभेची नव्हे. अमेरिकन नियमात खऱ्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही आणि पुढे १२ इंचांपर्यंत ते दर इंचाला इंचाच्या आठव्या भागाइतकंच बाहेर काढता येतं. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत, इंचाला एक सूत. हे मात्र त्यांना लगेच पटतं. आग नसली तरी ही पट्टी ठेवा, नाहीतर पुस्तकांच्या कपाटाची दारं काढून ठेवल्यासारखं दिसतं. आत विजेचा हीटर बसवायचा तर २००० वॅटचा यंत्रोबा जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरचं सॉकेट पुरत नाही, १६ चं लागतं आणि तेही चौकट भिंतीला ठोकण्याआधी.

आता खरा शत्रू. तिकडे मँटलला, म्हणजे या चौकटीला, जाळापासून वाचवतात, इथे लादी पुसणाऱ्या मावशींच्या फडक्यापासून वाचवायचं. मावशी मॉप पिळतात तेव्हा तो पिळला जातोच असं नाही. रोज सकाळी पायाच्या बुडाशी पाण्याची एक रेघ थांबते. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची, कड ती शोषून घेते आणि चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगते. रंग फाटतो आणि फुगलेला भाग वाळला तरी पूर्वीसारखा बसत नाही. म्हणून पाय १८ मिमीच्या मरीन प्लायचे, एमडीएफ फक्त वरच्या नक्षीला, आणि पायाखाली अर्ध्या इंचाच्या कडप्प्याचा तुकडा, सांधा सिलिकॉनने बंद. मावशींना समजावण्यापेक्षा कडप्पा स्वस्त पडतो.

एमडीएफचा आठ बाय चार फुटी, १८ मिमीचा बोर्ड अंदाजे ४० किलोचा. लिफ्टमध्ये बहुधा तो मावत नाही, आणि जिन्याने चौदा मजले चढवायला कुणी तयार होत नाही. दुकानातच पट्ट्या कापून घ्या.

फ्लॅटमधली भिंत हा स्वतंत्र विषय. टाइलची स्कर्टिंग भिंतीपासून १० मिमी पुढे असते, म्हणून पायाच्या मागच्या कडेला तेवढी खाच मारावी लागते. विसरलात तर वरची चौकट भिंतीपासून बोटभर लांब राहते आणि सुतार म्हणतो, "पट्टी मारू की." पट्टी मारू नका. आधी ओळंबा सोडा. भिंत पोटासारखी पुढे आलेली असेल तर फळीच्या मागच्या कडेवर पेन्सिलीने भिंतीची रेघ उतरवून रंद्याने तासा. खिळण्याआधी भिंत वाजवून पाहा. मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची असेल तर हॅमर ड्रिल आणि सोसायटीच्या वेळा पाळायच्या. सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची असेल तर साधा प्लग आतल्या आत फिरत राहतो, त्या ब्लॉकसाठीचाच नायलॉन प्लग आणा. सागवानी पट्टी आधी भिंतीला, मग चौकट तिच्यावर.

फळीखालची नक्षीदार पट्टी ४५ अंशांत कापायची असं सगळेच सांगतात. कोपरा गुण्यात, म्हणजे नेमका काटकोनात, असेल तर. ८८ अंशांचा निघाला की दोन्ही कापांत निम्मं-निम्मं वाटून घ्यावं लागतं. आणि ती पट्टी मायटर बॉक्समध्ये, म्हणजे कोनात कापायच्या खाचांच्या पेटीत, उलटी ठेवून कापतात, ही गोष्ट दोन पट्ट्या वाया गेल्यावर कायमची लक्षात राहते. शेवटचा तुकडा, जो वळून भिंतीला जाऊन टेकतो, तो एवढासाच असतो. त्याला खिळा मारला की दुभंगतो. फेविकॉल आणि चिकटपट्टी, दुसरं काही नाही.

रंगात घाई करणाऱ्याला एमडीएफची कड पकडते. समोरची बाजू गुळगुळीत, पण कड रंग पीत राहते. १८० चा पॉलिश पेपर, मग ऑइल प्रायमर, २२० चा पेपर, पुन्हा प्रायमर. पाण्याचा प्रायमर कडेवर लावला की तंतू उभे राहतात. वरचा रंग मात्र वॉटर-बेस्ड इनॅमल घ्या. जुन्या पद्धतीचं पांढरं ऑइल पेंट काही महिन्यांत, त्यातही सावलीच्या कोपऱ्यात, पिवळट पडतं. आणि हे काम जुलैत काढू नका. ओल्या हवेत रंग सुकायला नेहमीपेक्षा फार वेळ घेतो आणि वर बोटाचा ठसा कोणाचा, यावरून घरात चौकशी बसते.

हे सगळं झाल्यावर फळीवर किल्ल्या, गॅसची पावती, हळदी-कुंकवाच्या वाटीतलं वाण. आणि मधल्या त्या ३६ बाय ३० इंचांत? उद्या पाणी येणार नाही, असा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की तिथे वीस लिटरचा जार येऊन बसतो. तो गळतो. म्हणून आतल्या तळालाही आम्ही कडप्पाच टाकतो.