तेव्हा तिथे कोण होतं?

पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं आहे, असं कोणी ऐकवलं की मान डोलावू नका. डोळे बारीक करा, किंचित हसा आणि विचारा, "तेव्हा तिथे कोण होतं?" बस्स. या प्रश्नाला भांडवल लागत नाही. हातोडी नको, भिंग नको, गणित तर नकोच नको. समोरचा माणूस खडकांचे थर आणि किरणोत्सर्ग समजावून सांगायला लागेपर्यंत जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर तुमच्याबद्दलचा आदर उमटलेला असतो. एखादा आगाऊ निघतोच. "तुमच्या खापरपणजोबांच्या जन्माला तरी तुम्ही कुठे हजर होतात?" असं तो विचारतो. उत्तर शोधत बसू नका. घराण्याचा अपमान झाला, असं जाहीर करा आणि पुढे चला.

पुढे म्हणजे कार्बनकडे. "कार्बन डेटिंगवर काय विश्वास ठेवायचा!" हे वाक्य पाठ हवं. डायनासोरचा विषय निघाला तर ते हमखास वापरा. आता, या पद्धतीत मोजल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बन-14 चं अर्धआयुष्य, म्हणजे त्यातला निम्मा संपायला लागणारा काळ, 5,730 वर्षं, त्यामुळे साधारण 50 हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही, म्हणून डायनासोरांसाठी ही पद्धत कोणी वापरत नाही, ही माहिती तुमच्या कामाची नाही. उलट सोयच आहे. समोरच्याने हातातच न घेतलेलं शस्त्र बोथट आहे हे सिद्ध करायला कितीसा वेळ लागतो?

झिरकॉनपासून मात्र लांब राहा. हा स्फटिक मोठा खोडसाळ. तयार होताना तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास उभंच करत नाही. म्हणजे नंतर आत शिसं सापडलं, तर ते युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. त्यात युरेनियम दोन प्रकारचं: एकाचं अर्धआयुष्य 447 कोटी वर्षं, दुसऱ्याचं 70 कोटी. एकाच कणात वेगवेगळ्या गतीने चालणारी दोन घड्याळं, आणि दोन्ही एकच वेळ दाखवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये असे कण सापडले, त्यांतल्या सर्वांत जुन्याचं वय सुमारे 440 कोटी वर्षं भरलं. कोणी या कणांचा विषय काढलाच, तर "प्रयोगशाळेत काहीही दाखवता येतं" एवढं म्हणून घड्याळात बघा आणि निघा.

तुमच्या हातात द्यायला मात्र एक सुरेख उदाहरण आहे. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीच्या मुखात 1986 साली थिजलेला लाव्हा. पोटॅशियमचं हळूहळू आर्गॉन वायूत रूपांतर होतं, त्यावर बेतलेल्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने त्याचं वय काढलं तेव्हा उत्तर आलं साडेतीन लाख वर्षं! दहा वर्षांचा दगड, साडेतीन लाखांचा दाखला. सांगताना इथेच थांबायचं. त्यातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमचं अर्धआयुष्य 125 कोटी वर्षं आहे, इतक्या ताज्या दगडात मोजण्यासारखं काही साचलेलंच नसतं, शिवाय लाव्ह्यात आधीच घट्ट झालेले जुने स्फटिक मिसळलेले असू शकतात, ही शेपटं जोडली की गोष्टीतली गंमत जाते. आणि इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं नाव तर काढूच नका. इसवी सन 79 मध्ये पॉम्पेई गाडणाऱ्या त्या उद्रेकाचं वय आर्गॉन-आर्गॉन या त्याच पद्धतीच्या सुधारित रूपाने काढून 1997 साली प्रसिद्ध केलं गेलं. उत्तर 1,925 वर्षं, कमीअधिक 94. खरा आकडा 1,918. असली उदाहरणं चारचौघांत फिरू लागली तर आपण करायचं काय?

बरं, "शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात" हा मुद्दा ठेवणीतला आहे. जपून वापरा, पण वापराच. 1862 साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विननी तापलेली पृथ्वी निवायला किती काळ लागेल याचं गणित मांडलं आणि 2 ते 40 कोटी वर्षं असं उत्तर दिलं. 1897 पर्यंत ते 2 ते 4 कोटींवर उतरले. आणि आज म्हणे 454 कोटी! शंभरपट फरक! इथे टेबलावर हात आपटायला हरकत नाही. फक्त कोणी असं विचारू नये, की केल्विनना चूक ठरवलं कोणी. कारण ते काम तुमच्या-आमच्यासारख्यांनी केलं नाही. त्यांचाच एकेकाळचा सहायक जॉन पेरी याने 1895 साली दाखवलं, की पृथ्वीच्या पोटात उष्णता वाहून नेणारी हालचाल असेल तर सगळा हिशेबच बदलतो. गुरूवर शंका घेतली, आणि घेतल्यावर गणितही स्वतः केलं. शंकेची अशी नासाडी बघवत नाही.

दुसरी अडचण अशी, की अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली उल्कांमधल्या शिशावरून 455 कोटी वर्षांचा आकडा काढला आणि तेव्हापासून तो जागचा फारसा हललेला नाही. सत्तर वर्षांत एक कोटीचा फरक. "एक कोटी वर्षांची चूक!" असं ओरडता येईल. टक्केवारी काढू नका. पॅटरसन यांचं नाव घ्यायचं असेल तर तेही अर्धंच घ्या. मोजताना नमुन्यांत बाहेरचं शिसं शिरतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली, आणि पुढे हे शिसं जगभर पसरलंय कुठून हे शोधत शिसेयुक्त पेट्रोलच्या बलाढ्य उद्योगाशी भांडण घेतलं. "सगळे शास्त्रज्ञ विकले गेलेत" या आपल्या आवडत्या सिद्धांतात हे गृहस्थ कुठे बसवायचे, हे अजून कोणाला जमलेलं नाही.

विकले जाण्यावरून आठवलं, तेल कंपन्यांचा उल्लेख टाळा. कुठे भोक पाडायचं हे ठरवताना त्या सूक्ष्म जीवाश्मांवरून थरांचं वय लावून घेतात आणि त्यासाठी रोख पैसे मोजतात. डायनासोरांच्या अंताशी जोडलेलं मेक्सिकोतलं चिक्सुलुब विवरही 1978 साली तेलाच्याच सर्वेक्षणात नजरेस पडलं होतं. नफ्यासाठी झटणारी माणसं खोट्या भूशास्त्रावर विहिरी का खणतील, हा प्रश्न आपल्याला परवडणारा नाही.

"वेगेनरलाही हसलेच होते की!" हे मात्र बिनधास्त म्हणा. आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात असं सांगितलं आणि मोठमोठ्या विद्वानांनी त्यांची टिंगल केली, हे अगदी खरं. तसेच अमेरिकन भूशास्त्रज्ञ हार्लेन ब्रेट्झ. 1923 साली त्यांनी वॉशिंग्टन राज्यातले खडकाळ प्रदेश एका प्रचंड पुराने कोरले असं म्हटलं, आणि भूशास्त्रज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. 1979 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांना पेनरोज पदक हा भूशास्त्रातला मोठा सन्मान मिळाला. या दोघांच्या चरित्रातला टिंगलीचा भाग तेवढा आपला. वेगेनर पुरावे जमवत राहिले आणि 1930 साली ग्रीनलंडच्या मोहिमेतच गेले, ब्रेट्झ वर्षानुवर्षं त्या माळांवर पायपीट करत राहिले, हा भाग वगळा. टिंगल आपल्यालाही मिळते. पायपीट कोण करणार?

आता खरा धोका. कोणीतरी शांतपणे विचारतं, "बरं, 454 कोटी नाही. मग किती?" इथे भलेभले घसरलेत. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली हिशेब करून सृष्टीचा आरंभ जाहीर केला: इ.स.पू. 4004, 23 ऑक्टोबरची आदली संध्याकाळ. माणूस विद्वान, ग्रंथ पिंजून काढलेले. पण तारीख दिली, म्हणून सापडला. दिलेली तारीख कोणीही ताडून बघू शकतो. तुम्ही "एवढी तर नक्कीच नाही" इथवरच थांबा.

अगदीच रेटलं तर विषय बदला, पण चंद्राकडे नेऊ नका. तिथे अपोलोच्या लोकांनी आरसे ठेवलेत. त्यांवर लेसर मारून कळतं, की चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर लांब जातोय आणि भरती-ओहोटीमुळे पृथ्वीची गिरकी मंदावतेय, म्हणजे पूर्वी दिवस लहान होते आणि वर्षात जास्त मावत होते. 1963 साली जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे खडकांच्या हिशेबाने साधारण 40 कोटी वर्षांपूर्वीच्या, प्रवाळांवरच्या वाढीच्या रोज एक अशा बारीक रेघा मोजल्या, तर वर्षाला 400 च्या आसपास भरल्या. चंद्र, प्रवाळ आणि खडक यांची आपसात मिलीभगत आहे असं म्हणता येईल, पण तेवढा दम लागतो. त्यापेक्षा गाडी हवामानबदलाकडे वळवा. हेच सगळे प्रश्न तिथे जसेच्या तसे चालतात, फक्त आकडे बदलावे लागतात. आणि आकडे तर तुम्ही देणारच नाही आहात.