रात्री बारानंतर वाहिनी कशी चालवावी

एखाद्या वाहिनीच्या कार्यक्रम विभागात आपण नव्याने रुजू झाला असाल, तर रात्री बारा ते सकाळी सहा हा पट्टा आपल्याच गळ्यात पडणार, हे गृहीत धरावे. रात्री आठ ते दहा या वेळेसाठी वरिष्ठांत हातघाई चालते, दुपारचा पट्टा कोणाच्या तरी भाच्याकडे असतो आणि उरलेले सहा तास नव्या माणसाकडे येतात. दिवसाचा पाव भाग, म्हणजे वर्षाला २,१९० तास, एवढी मोठी जबाबदारी पहिल्याच नोकरीत अन्य कोणत्याही धंद्यात मिळत नाही. शिवाय या जबाबदारीबरोबर पैसा मिळत नसल्याने हिशेब देण्याचा त्रासही वाचतो.

सुरुवातीलाच एक तत्त्व पाठ करून ठेवावे. रात्री प्रेक्षक नसतो असे कार्यक्रम विभागाने मानायचे असते, आणि रात्री प्रेक्षक असतो असे विक्री विभागाने मानायचे असते. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर बसतात, एकाच यंत्रातला चहा पितात, तरीही या मुद्द्यावर त्यांची समोरासमोर गाठ घालून देण्याच्या भानगडीत आपण पडू नये.

मग रात्री वाहिनी बंदच का ठेवत नाही, असा भाबडा प्रश्न आपल्याला पडेल. पूर्वी तशी रीत होतीच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे निवेदिका रात्री नमस्कार करून प्रेक्षकांचा निरोप घेत असे. त्यानंतर पडद्यावर मुंग्या येत आणि माणसे झोपायला जात. दाखवण्यासारखे काही नाही, म्हणून काही दाखवत नाही, इतका सरळ व्यवहार होता. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही सुरू झाली आणि खासगी उपग्रह वाहिन्यांबरोबर चोवीस तासांची चाल पडत गेली. उपग्रहावरील ट्रान्सपाँडरचे, म्हणजे वाहिनीचे संदेश झेलून खाली पाठवणाऱ्या यंत्राचे, भाडे चोवीस तासांचे भरावे लागते, त्यामुळे भाड्याची जागा सहा तास रिकामी ठेवणे मराठी माणसाच्या काटकसरी मनाला पटणारे नाही. दाखवण्यासारखे काही नसणे ही अडचण मात्र तेव्हा होती तशीच आजही आहे.

तिच्यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुनःप्रक्षेपण. कोणत्या वेळी काय दाखवायचे याचा एफपीसी नावाचा जो तक्ता आपल्यासमोर ठेवला जाईल, त्यात संध्याकाळच्या मालिका उचलून रात्रीच्या रकान्यांत टाकाव्यात. भाग एकदा विकत घेतला की तो कितीही वेळा दाखवला तरी वेगळा खर्च येत नाही. परिणामी ज्या सुनेला सासूने संध्याकाळी साडेसातला घराबाहेर काढलेले असते, ती रात्री साडेबाराला पुन्हा बाहेर पडते आणि पहाटे तीनला तिसऱ्यांदा, त्याच पावसात, त्याच बॅगेसह. शिळ्या कढीला ऊत आणण्याचेही कष्ट नकोत. कढी आहे तशीच वाढावी. चित्रपटांच्या बाबतीत फार विचार करू नये. एका चालणाऱ्या चित्रपटाबरोबर गठ्ठ्यात जे न चालणारे गळ्यात मारले गेलेले असतात, त्यांचे हक्क मुदत संपण्याच्या आत वापरून टाकायचे असतात, आणि त्यासाठी पहाटे दोनची वेळ उत्तम.

खरे कौशल्य लागते ते अर्धा अर्धा तास विकण्यात. केबल दूरचित्रवाणी नियमांनुसार एका तासात बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यातली दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कौतुकाची. नवखा माणूस हे वाचून घाबरतो. अनुभवी माणूस पोट कमी करणाऱ्या पट्ट्याच्या अर्ध्या तासाच्या विक्रीला 'कार्यक्रम' म्हणतो, तिला शीर्षक देतो, एक निवेदिका देतो, पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ देतो आणि तीस मिनिटांत जाहिरातीचे एक मिनिटही न लावता नियमापेक्षा अधिक शुचिर्भूत राहतो. जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे, असाही नियम आहे. त्याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण त्या वेळेत वेगळी ओळखण्यासाठी दुसरा कार्यक्रमच नसतो.

या अर्ध्या तासाची घडण एकदा लक्षपूर्वक पाहावी. पहिली दोन मिनिटे कृष्णधवल असतात आणि त्यांत माणसांना काहीही जमत नाही. टोमॅटो कापताना बोट कापते, बेडशीट घालताना कंबर धरते, जिना चढताना गृहस्थ कठडा पकडून कपाळावरचा घाम पुसतात. वस्तू हातात येताच जगात रंग भरतो. गोऱ्या बाई ज्या वेगाने ओठ हलवतात त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या वेगाने त्यांच्या तोंडून शुद्ध मराठी बाहेर पडते, आणि 'खरंच, माझा विश्वासच बसत नाहीये' हे वाक्य तीन वेगवेगळ्या देशांतल्या बायका एकाच आवाजात म्हणतात. कोपऱ्यात पंधरा मिनिटांचे घड्याळ उलटे चालत असते. ही सवलत घड्याळ शून्यावर येताच संपते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पंधरा मिनिटांवरून सुरू होते. किंमत दुप्पट सांगून खोडावी, मग निम्मी सांगावी, मग त्याच किमतीत एकाऐवजी दोन द्यावेत. एका पोटाला दोन पट्टे कशाला, हे कोणी विचारत नाही.

आता विक्री विभागाचे तत्त्वज्ञान. त्यांना हा प्रेक्षक नेमका ठाऊक असतो. ज्याचा गुडघा ठणकतो, ज्याच्या डोक्यावर हप्ते थकलेत, ज्याच्या मुलीचे लग्न जमत नाही किंवा ज्याच्या घरात आजारी माणसाजवळ कोणीतरी जागे राहावे लागते, तो या वेळी जागा असतो. ठणकणाऱ्या गुडघ्याचा माणूस दुपारी चारला डॉक्टरकडे जाऊ शकतो. पहाटे तीनला तो फक्त आपल्याकडे येऊ शकतो. कार्यक्रम विभागाने ज्याची गणना शून्यात केली, त्याच माणसाला विक्री विभाग 'अत्यंत गरजू ग्राहक' म्हणतो, आणि दोघांचेही बरोबर असते.

अर्थात कायद्याचे थोडे भान ठेवावे. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालचा, म्हणजे भारतातल्या टीव्हीपेक्षाही वयाने मोठा आहे. ज्या विकारांवर गुण येईल अशी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या या कायद्यातील यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, इतकेच काय, माणसाची उंचीसुद्धा आहे. म्हणजे त्या यादीचा आणि आपल्या रात्रीच्या तक्त्याचा मेळ इतका उत्तम जमतो की कोणी कोणाचे पाहून लिहिले असा संशय यावा. उपाय साधा आहे. 'औषध' म्हणू नये, 'पूरक आहार' म्हणावे. 'बरा होतो' म्हणू नये, 'फरक जाणवतो' म्हणावे. आणि फरक जाणवल्याचे आपण न सांगता नाशिकहून आलेल्या एका काकांना सांगू द्यावे.

यंत्रे, कवचे आणि रुद्राक्ष यांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात थोडी पंचाईत झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये हनुमान चालिसा यंत्राच्या जाहिरातींसंबंधीच्या याचिकेवर निकाल दिला आणि चमत्कारी, अलौकिक गुणांचा दावा करून अशा वस्तू टीव्हीवरून विकणे हे राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. म्हणून यापुढे 'चमत्कार' हा शब्द टाळून 'सकारात्मक ऊर्जा' आणि 'स्पंदने' असे शब्द योजावेत. पौराणिक मालिकेतून काम केलेला एखादा नट मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्याने एकेकाळी देवाची भूमिका केली असल्याने त्याला काही दावा करावाच लागत नाही. त्याने नुसते यंत्राकडे पाहून मंद हसावे.

ज्यांना वस्तू विकण्याचे मनावर ओझे होते, त्यांनी कोडे विकावे. दोन प्रख्यात नटांचे अर्धे अर्धे चेहरे जोडून पडद्यावर ठेवावेत आणि 'कोण आहेत हे दोघे, फोन करा' असे ओरडणारी एक निवेदिका शेजारी उभी करावी. चेहरे शेंबड्या पोरालाही ओळखता येतील असे असावेत आणि लागलेल्या प्रत्येक फोनवरील माणसाने चुकीचेच उत्तर द्यावे. ज्याला बरोबर उत्तर ठाऊक आहे, तो मिनिटामागे आकारल्या जाणाऱ्या चढ्या दराने फोनवर बराच वेळ ताटकळत असतो, आणि कार्यक्रमाची कमाई तोच असतो.

बातम्यांच्या वाहिनीवर नेमणूक झाली असेल तर काम आणखी हलके. रात्री अकराचे बातमीपत्र चित्रमुद्रित करून लूपवर टाकावे आणि कोपऱ्यातली 'लाइव्ह' ही पट्टी काढण्यास विसरावे. निवेदक पहाटे साडेचारला 'आत्ताच्या घडीची मोठी बातमी' असे म्हणतो तेव्हा तो स्वतः डोंबिवलीला घरी घोरत असतो. महाराष्ट्रात रात्री काही घडत नाही, असा या पद्धतीचा पाया आहे. त्याला एकदा तडा गेला होता. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधीही उरकला. असे पुन्हा घडलेच, तर लूपमधल्या आदल्या रात्रीच्या चर्चेत बहुमताचे गणित भलतेच सुटलेले असेल. ते तसेच चालू ठेवावे. प्रेक्षकाला इतिहासाचीही गोडी लागली पाहिजे.

परंतु या कलेचे खरे घराणे पाहायचे असेल तर तालुक्याच्या गावातली केबलची स्थानिक वाहिनी पाहावी. तेथे पडद्याचे चार वाटे केलेले असतात. मधल्या चौकोनात डब केलेला दाक्षिणात्य चित्रपट चालतो. उजवीकडे सराफाची जाहिरात उभी असते. डावीकडे १ बीएचके सदनिका आणि 'बुकिंग सुरू'. आणि तळाशी धावणाऱ्या पट्टीत भावी नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्यांना लागूनच कोणाच्या तरी दशक्रिया विधीची वेळ, मग हरवलेली दहावीची गुणपत्रिका, मग पुन्हा भावी नगरसेवक. कोपऱ्यातले घड्याळ सात मिनिटे मागे असते. सव्वादोनच्या सुमारास नायकाच्या कपाळावर माउसचा बाण येऊन थांबतो आणि चित्रपट संपेपर्यंत तेथून हलत नाही, कारण बाण हलवणारा मुलगा खुर्चीवर मान टाकून झोपलेला असतो. चित्रपट संपल्यावर संगणकाच्या पडद्यावरील फोल्डरांची यादी अख्ख्या तालुक्याला दिसते. लग्नाच्या चित्रीकरणाचे फोल्डर कोणते, आमदारांच्या भाषणाचे कोणते, आणि 'नवीन नवीन फायनल २' म्हणजे काय, याविषयी गावात कुतूहल असते. मोठ्या वाहिन्यांच्या एमसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपण जेथून सुटते त्या नियंत्रण कक्षात, लाखो रुपयांची यंत्रे बसवूनही इतका पारदर्शक कारभार साधलेला नाही.

आपण हे सर्व करत असताना सरकार काय म्हणेल, अशी भीती बाळगू नये, कारण रात्रीविषयी सरकारचेही मत आपल्यासारखेच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'बिग बॉस' आणि 'राखी का इन्साफ' हे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत हलवण्याचा आदेश दिला. 'बिग बॉस'ने मुंबई उच्च न्यायालयातून त्यावर स्थगिती मिळवली, हा भाग वेगळा. डिसेंबर २०१७ मध्ये निरोधाच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवाव्यात, अशी सूचना निघाली. म्हणजे जे लोकांच्या नजरेस पडू नये ते रात्री टाकावे, हे धोरण झाले. आणि गंमत पाहा: २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहिन्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या व लोकहिताच्या विषयांवर दररोज तीस मिनिटे देणे बंधनकारक केले, तेव्हा जानेवारी २०२३ च्या सूचनापत्रात मध्यरात्री बारा ते सकाळी सहा हा वेळ हिशेबात धरणार नाही, असे मंत्रालयाने आधीच बजावले. आपल्या हुशारीची एवढी अचूक पारख दिल्लीत कोणीतरी करून ठेवली आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

दिल्लीवरून आठवले. तेथील इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटरमध्ये शेकडो वाहिन्यांवर चोवीस तास नजर ठेवली जाते. म्हणजे सासूने सुनेला तिसऱ्यांदा घराबाहेर काढताना पाहणारे कोणीच नसेल, तरी पाळीवर असलेला एखादा सरकारी कर्मचारी तरी असेलच. त्याचा आदर राखून पडदा अगदी काळा पडू देऊ नये. शिवाय प्रत्येक तासाचे रेकॉर्डिंग नव्वद दिवस जपून ठेवावे लागते, त्यामुळे पट्ट्याची ती पंधरा मिनिटांची सवलत तीन महिने तरी खरोखर संपत नाही.

टीआरपीची काळजी तर सोडूनच द्यावी. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात तेव्हा रात्रीच्या रकान्याकडे कोणाची नजर जात नाही. गेलीच आणि त्यात काही आकडा दिसलाच, तर या मोजणीचे मीटर बसवलेल्या एखाद्या घरात आजोबा टीव्ही चालू ठेवून झोपले असतील असे खुशाल समजावे आणि त्या आकड्याला 'निष्ठावान प्रेक्षकवर्ग' असे नाव देऊन सादरीकरणात घालावे.

राहता राहिली तक्रार. २०२१ च्या दुरुस्त नियमांनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते आणि निवारण पंधरा दिवसांत. उंची वाढवण्याच्या चूर्णाने मुलाची उंची वाढली नाही, असे कोणी कळवलेच, तर पोच विनम्र भाषेत द्यावी, 'या कार्यक्रमातील दाव्यांशी वाहिनी सहमत असेलच असे नाही' ही ओळ जोडावी, आणि तो गृहस्थ पहाटे सव्वातीनला जागा असतो, ही नोंद त्याच्या फोन नंबरासह विक्री विभागाकडे पाठवावी.