जुनी एसयूव्ही घेताय? आधी खाली वाकून बघा

जुनी एसयूव्ही बघायला गेलं की लोक इंजिनचा आवाज ऐकतात, किलोमीटर बघतात, सनरूफ उघडून बघतात आणि सस्पेन्शनकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाडी जड, चाकं मोठी, खड्ड्यांचा सगळा मार बुश (सांध्यांमधले रबर), बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा) आणि शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) यांच्यावरच बसतो ना.

पुढून खटखट आली की लगेच "शॉकअप गेले" म्हणून सांगतात. थांबा जरा! बारीक खड्ड्यांत वाजत असेल तर बऱ्याचदा नुसता लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) असतो, एकदम स्वस्त पार्ट, कामही किरकोळ. शॉकअप खरंच गेला असेल तर त्याच्यावर बहुतेक वेळा तेलाचा ओघळ दिसतो, त्याला धूळ चिकटून काळा चिखल झालेला असतो, आणि कोपरा दाबून सोडला की गाडी डुलत राहते. ब्रेक मारल्यावर टक्क आवाज येऊन गाडी एका बाजूला ओढत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश तपासायला सांगा. बॉल जॉइंटला प्ले (ढिलेपणा) असेल तर मात्र आज-उद्या करू नका, तो निखळला तर चाक आडवं होतं, चालत्या गाडीत.

खर्चाचं म्हणाल तर पार्टइतकीच मजुरीही बघा. शॉकअप जोडीनेच बदलायचे, आणि स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) खोललाच आहे तर वरचं माउंट आणि बेअरिंगही खराब असेल तर तेव्हाच टाका, नाहीतर तीच मजुरी परत. काही गाड्यांत आर्ममध्ये नुसता नवा बुश दाबून बसवून मिळतो, काहींत अख्खा आर्म घ्यावा लागतो, बिलात केवढा फरक पडतो बघा! नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागतं, नाहीतर नवे टायर आतून खाऊन जातात.

एअर सस्पेन्शनवाली (स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्यांवर उभी असणारी) जुनी गाडी तर वॉरंटी नसेल तर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. या पिशवीला, म्हणजे सस्पेन्शनच्या एअरबॅगला (अपघातात फुगते ती नव्हे), बारीक चीर पडली की हवा गळते, हवा भरायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोच जळतो, म्हणजे रबराच्या चिरेपायी दोन महागडे पार्ट. तरी घ्यायचीच असेल तर सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी बघा, गळत असेल तर एखादा कोपरा खाली बसलेला दिसेल. इंजिन चालू केलं की ती परत वर उचलते, त्यामुळे आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका असं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.