नाकाबंदीत सापडलेल्यांचे सांत्वन

नागपुरात फौजदारी वकिली करणाऱ्याला शनिवारी रात्री बारानंतर जे फोन येतात, त्यांतील बरेचसे एकाच विषयाचे असतात. वर्धा रोडवर, शंकरनगर चौकात किंवा मानकापूरकडे जाताना नाकाबंदीत गाडी अडवलेली असते, दारू तपासायच्या यंत्रात फुंकून झालेले असते आणि पलीकडचा माणूस दबक्या आवाजात विचारतो, "भाऊ, तिथं कोणी ओळखीचा साहेब आहे का?" कायद्याने आता पुढे काय होणार, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. रात्रीचा प्रश्न फक्त ओळखीचा असतो.

या लेखनाचा विषय मात्र तो फोन करणारा माणूस नाही. त्याच्या भोवती दुसऱ्या दिवशी जमणारी सहानुभूती हा आहे. कार्यालयात, सोसायटीत, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पोहोचली की लोक एखाद्याचा खिसा कापला गेल्यासारखे हळहळतात. "नशीब खराब, दुसरं काय!" "लॉ कॉलेज चौकातून काढायची न गाडी, तिकडे कोणी नसते." "आधी ग्रुपवर टाकलं असतं तर सांगितलं असतं, कुठं उभे आहेत ते." किती पेग झाले होते, गाडीत मागे कोण बसले होते, घर किती दूर होते, हे कोणी विचारत नाही. घडले ते दुर्दैव होते, असे सर्वांनी मिळून ठरवलेले असते. माझे मत असे आहे की त्यात दुर्दैवाचा भाग अगदी थोडा असतो आणि बाकी सगळे संध्याकाळपासून चार-पाच जणांच्या संमतीने ठरत गेलेले असते. हळहळणाऱ्यांपैकी एखाददुसरा त्या संमतीत सामील असतो, म्हणूनच बहुधा हळहळ जास्त असते.

आधी नाकाबंदीचे सांगतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. ब्रेथ अ‍ॅनालायझरला लावायची पांढरी प्लास्टिकची नळी प्रत्येक माणसासाठी वेगळी असते आणि ती आपल्या समोर वेष्टन फोडून लावली जावी, असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मग सलग, लांब फुंकावे लागते. मध्येच श्वास तोडला किंवा गाल फुगवून नुसता देखावा केला, तर यंत्र नमुना स्वीकारत नाही आणि हवालदार थंडपणे म्हणतो, "पुन्हा मारा." त्यानंतर पडद्यावर आकडा उमटतो आणि बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. पुढचे सगळे प्रकरण त्या चिठ्ठीवर उभे राहते. बडीशेप, पान, तंबाखू-सुपारीचा खर्रा, कच्चा कांदा, पुदिन्याच्या गोळ्या यांचा त्या आकड्यावर काडीचाही परिणाम होत नाही, कारण यंत्र तोंडाचा वास घेत नाही. फुप्फुसांत खोलवर रक्ताला लागून असलेल्या हवेतील अल्कोहोल ते मोजते. खर्रा खाऊन फुंकणाऱ्या पक्षकारांची एक वेगळी जमातच मी पाहिली आहे आणि त्यांच्या आत्मविश्वासाचे मला आजही कौतुक वाटते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा झाला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड 2 हजार रुपये होता आणि त्या काळात मोठे झालेले लोक अजूनही त्याच हिशेबात बोलतात. सिग्नल तोडल्याचे चालान मोबाइलवर भरून मोकळे होता येते, तसे येथे नसते. न्यायालयात उभे राहावेच लागते. फुंकायला नकार दिला तर सुटका होते, ही आणखी एक लोकप्रिय समजूत आहे. कलम 205 नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार आरोपीच्या विरुद्ध पुरावा म्हणून धरता येतो. उलट, आरोपीच्या बाजूचीही एक तरतूद आहे, जी पोलीस आपणहून सांगत नाहीत: कलम 185 खाली अटक केल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्याला सोडावे लागते. परवान्याचे प्रकरण आरटीओकडे गेले, तर पहिल्या वेळी तो तीन महिन्यांसाठी आणि दुसऱ्या वेळी कायमचा जाऊ शकतो.

"अबे, दोनच तर मारले" हे वाक्य ज्यांना वकिलाच्या कानाने ऐकावे लागते, त्यांना थोडे गणित येणे भाग आहे. 60 मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये, 42.8 टक्के तीव्रतेची व्हिस्की असेल तर, सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. साधारण 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे 40 मिलिग्रॅमच्या आसपास आकडा जाऊ शकतो. पोटात सावजीचे जेवण असेल तर तो थोडा उशिरा आणि थोडा कमी चढतो, इतकाच फरक. म्हणजे दोन दूरच राहिले, पहिल्याच लार्जमध्ये मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आठ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची एक बाटली दोन लार्जच्या बरोबरीची असते, तरी "मी फक्त बिअर घेतली" हे वाक्य निरागसतेचा दाखला म्हणून सादर केले जाते. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या गतीने हे उतरवते आणि लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. रात्री एकपर्यंत चार लार्ज घेतलेला गृहस्थ सकाळी सातला मुलीला शिकवणीला सोडायला निघतो, तेव्हाही तो कायद्याच्या दृष्टीने पिऊनच गाडी चालवत असू शकतो.

विम्याबद्दल फार थोड्या लोकांना कल्पना असते. पिऊन चालवताना गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी फेटाळू शकते. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की त्यासाठी यंत्राची चिठ्ठी असलीच पाहिजे असे नाही. इतर परिस्थितीवरूनही चालक नशेत होता, हे सिद्ध करता येते. माणूस मेला, तर प्रकरण कलम 185 पुरते राहत नाही. मुंबईतील कार्टर रोडवर 2006 साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर कारखाली चिरडले गेले. त्या खटल्यात निष्काळजीपणाच्या पलीकडे जाऊन सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम ठेवली. आपल्याकडे रामझुला पुलावर फेब्रुवारी 2024 मध्ये कारच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण गेले आणि त्या प्रकरणातही चालकाने मद्यपान केल्याचा आरोप आहे. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 रोजी दोन तरुण संगणक अभियंते मरण पावले, तेव्हा पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. "कोणी ओळखीचा आहे का?" हा प्रश्न पैशाच्या बळावर विचारला गेला की कुठपर्यंत जातो, ते त्या आरोपपत्रात वाचायला मिळते.

आता संध्याकाळकडे येतो. बसायचा बेत दुपारीच ठरतो. कोण कोणाला घ्यायला जाणार, हेही ठरते. परत कसे यायचे, एवढे मात्र ठरत नाही. हिंगणा रोडवरचा ढाबा असो, अमरावती रोडवरचे फार्महाऊस असो की धरमपेठेतील बार असो, निघताना पार्किंगमध्ये जे घडते ते सगळीकडे सारखे असते. ज्याची गाडी आहे तो चाचपडत चावी काढतो. एकजण म्हणतो, "देतं का मला? मी चालवतो, मला कमी झाली." दुसरा म्हणतो, "काही होत नाही बे, रोजचा रस्ता आहे." यजमान खिडकीपाशी वाकून बजावतो, "हळू जाजो, पोहोचला की मेसेज टाक." गाडी निघते. त्या मेसेजच्या मागणीत सगळी कबुली असते. हा माणूस गाडी चालवण्याच्या अवस्थेत नाही, हे ठाऊक नसते तर ती मागणी झालीच नसती.

याच पार्किंगसाठी अधिनियमात कलम 188 आहे. कलम 185 च्या गुन्ह्यास जो अपप्रेरणा देईल, म्हणजे तो करायला चिथावेल किंवा मदत करील, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगितली आहे. माझ्या वकिलीत हे कलम लावलेले प्रकरण मी पाहिलेले नाही. शेजारी नुसते बसून घरी येणे म्हणजे अपप्रेरणा नव्हे, हे मलाही मान्य आहे आणि तसे झाले तर मी स्वतः बचावाला उभा राहीन. परंतु गाडीचा मालक शेजारच्या सीटवर आहे, त्याने स्वतःहून चावी पेगवाल्या मित्राच्या हातात दिली आहे आणि त्याला किती झाली आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, अशा प्रसंगी त्याला साक्षीदारसुद्धा न करता रिक्षात बसवून घरी पाठवणे मला अनाकलनीय वाटते.

"मग जायचे कसे?" हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच खोटा नाही. मेट्रो मैफिली सुटण्याच्या कितीतरी आधी थांबते, शहराबाहेरच्या ढाब्यावर रात्री एक वाजता कॅब यायला कुरकुरते आणि रिक्षावाला तोंडाला येईल तो भाव सांगतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे तिकडून आपल्या हद्दीत येऊन पिणाऱ्याचा परतीचा रस्ता तर महामार्गाचाच असतो. सोय नाही, हे खरे. पण जो माणूस हजारो रुपयांचे बिल "मी देतो, मी देतो" म्हणून भांडून भरतो, त्याला तासांवर मिळणारा ड्रायव्हर महाग वाटतो, हे मी कसे मान्य करावे? माझ्या परिचयातील एका गटाने हॉटेलचे टेबल आणि ड्रायव्हर एकाच फोनवर ठरवायची पद्धत पाडली आहे. सुरुवातीला त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. आता त्यांच्या गाडीत जागा मिळावी म्हणून लोक आधी नाव सांगून ठेवतात.

पोलिसांविषयीच्या तक्रारी मला ठाऊक आहेत. चिठ्ठी न देता बाजूला घेऊन बोलणे, ठरावीक चौकांतच आणि 31 डिसेंबर किंवा धुळवडीलाच उत्साह दाखवणे, मोठ्या गाडीपुढे मवाळ आणि स्कूटरवाल्यापुढे कडक होणे, हे सगळे होते आणि त्यावर बोललेच पाहिजे. चिठ्ठी मागा, आकडा स्वतः वाचा, वेळ तपासा, तपासणीला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर तसे नोंदवून घ्या. माझ्या पक्षकारांना मी हेच सांगतो आणि सांगत राहीन. मात्र हे सांगून झाल्यावर हल्ली मी आणखी तीन गोष्टी विचारून लिहून घेतो: गाडी कोणाच्या नावावर आहे, चावी कोणी दिली आणि त्या वेळी तिथे कोण कोण उभे होते. पक्षकाराला वाटते, हे बचावासाठी आहे. बचावाला त्याचा उपयोग फारसा नसतो. पण चौथ्या दिवशी तेच मित्र कार्यालयात येऊन "याचं काही करा न भाऊ" म्हणतात, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायला तो कागद कामी येतो.