स्टार नकोत, नेमका प्रश्न विचारा
वेबसाइटवर फीडबॅक कसा घ्यावा यावरच्या एका लेखात म्हटलंय की माणूस साइटवर आल्या आल्या पॉपअप टाकून पाच स्टार मागावेत म्हणजे भरपूर फीडबॅक मिळतो. भरपूर मिळेल हो, पण कामाचा किती? माणूस अजून पान वाचतोय, मोबाइलवर ती बंद करायची बारीक फुली सापडत नाही, मग कुठलातरी स्टार दाबून मोकळा होतो, आणि तीन स्टार दिले म्हणजे नेमकं काय खटकलं हे कुणाला कळणार?

ब्रिटन सरकारची वेबसाइट, गव्ह डॉट यूके, बघा एकदा. पानाच्या तळाशी साधा प्रश्न, हे पान उपयोगी पडलं का. अडचण सांगायची असेल तर दोनच रकाने, तुम्ही काय करत होता आणि काय चुकलं. मला तो पहिला रकाना फार मोलाचा वाटतो, कारण नुसतं "फॉर्म चालत नाही" यावरून डेव्हलपरला काहीच करता येत नाही पण "पत्ता भरून पुढे दाबलं की पिनकोड उडतो" म्हटलं की तो थेट त्या जागी जातो.

आणि जे मध्येच कंटाळून निघून जातात ते कुठलाच फॉर्म भरत नाहीत, त्यांचं कुठे अडतं हे कळण्यासाठी पाचेक जणांना समोर बसवून साइट वापरायला द्या नि मध्ये न बोलता बघत बसा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहिलंय की पाच जणांत वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात.

मराठी साइटवाल्यांनो, निदान प्रश्न तरी मराठीत विचारा, आणि उत्तर रोमन लिपीत आलं तरी वाचा प्लीज.